बोललं की नवस मोडला

क्योतोच्या शिजो रस्त्यावर, तेरामाचीच्या चौकाजवळ, दक्षिणेच्या अंगाला दुकानांच्या रांगेत एक देवाची जागा आहे. वर्षभर तिच्याकडे फारसं कुणी बघत नाही. १७ जुलैच्या रात्री मात्र यासाका देवळातल्या तीन पालख्या खांद्यावरून मिरवत इथे येतात आणि २४ तारखेपर्यंत मुक्कामाला राहतात. गिओन उत्सवातला हा देवांचा आठवडा. या दिवसांत रोज रात्री इथे यायचं, हात जोडायचे आणि परत जायचं. अट एकच. जाता-येता कुणाशी अवाक्षर बोलायचं नाही. अशा सात रात्री साधल्या तर मनातलं मागणं पुरं होतं, अशी समजूत आहे. जपानीत या प्रथेला ‘मुगोन माइरि’ म्हणतात, म्हणजे मुक्याने केलेलं दर्शन. नवस कुणीही करावा, पण क्योतोतली माणसं तो सांगतात माइकोंच्या नावाने.

माइको म्हणजे शिकाऊ गेइशा. क्योतोत ‘गेइशा’ हा शब्दही चालत नाही, तिथे पूर्ण शिकून बाहेर पडलेली ती गेइको आणि शिकत असलेली ती माइको. शहरात त्यांच्या पाच वस्त्या आहेत: गिओन कोबू, गिओन हिगाशी, पोंतोचो, मियागावाचो आणि कामिशिचिकेन. पाचही मिळून माइको शंभराच्या आतच असतील. तरीही गिओनमध्ये पाऊल टाकणारा प्रत्येक प्रवासी त्यांच्याच शोधात असतो. मीही त्यातलाच एक होतो, हे कबूल करायला हरकत नाही.

मौनाचा हा नवस माइकोलाच का अवघड, हे कळायला संध्याकाळी गिओनच्या गल्लीत थोडा वेळ थांबावं. चहाघरांचे, म्हणजे माइकोंच्या मैफली होतात त्या घरांचे, कंदील लागलेले असतात. एखादी माइको दारातून बाहेर पडते आणि पहिल्या वीस पावलांत तिला तीन-चार जणी भेटतात. तिच्याआधी या व्यवसायात आलेली प्रत्येक मुलगी तिची ‘ओनेसान’, म्हणजे ताई, मग ती वयाने लहान का असेना. प्रत्येक ताईला थांबून, वाकून, ठरलेल्या शब्दांत नमस्कार सांगायचा. चहाघराची मालकीण दिसली तर तिला, शिक्षिका दिसली तर तिला, सामान पोचवणारा ओळखीचा दुकानदार दिसला तर त्यालाही. एखादीला नमस्कार राहून गेला, तर तक्रार रात्र उलटायच्या आत तिच्या घरी पोचते. आता अशा वस्तीत सलग सात रात्री न बोलता कसं राहायचं? ताईशी बोललं तर नवस मोडतो, न बोललं तर त्याहून मोठं काहीतरी मोडतं. मी उतरलो होतो त्या घरची मालकीण सत्तरी ओलांडलेली, मियागावाचोच्या बाजूला लहानाची मोठी झालेली. मी तिला हे विचारलं तेव्हा ती हसली. म्हणाली, ताईला आधीच कळलेलं असतं आणि ती त्या आठवड्यात दुसऱ्या गल्लीने जाते.

ही गोष्ट खरी असो वा रचलेली, गिओनचा सगळा कारभार तिच्यात आहे. इथे मागणं देवाकडे असतं आणि ते पुरं होईल की नाही, हे ताईच्या हातात असतं.

मुलगी येते ती पंधराव्या वर्षी, सक्तीचं शालेय शिक्षण संपलं की. दुसऱ्या महायुद्धाआधी दहा-अकरा वर्षांच्या मुलीही असत. कला शिकायला सुरुवात करावी ती सहाव्या वर्षी, सहाव्या महिन्याच्या सहा तारखेला, असा जुना संकेत आहे. आताच्या मुलींचा तो मुहूर्त केव्हाच हुकलेला असतो, कारण बहुतेक जणी क्योतोच्या नसतातच. कुणी क्यूशूहून येते, कुणी होक्काइदोहून, चित्रपट किंवा समाजमाध्यमं बघून. राहायचं ते ‘ओकिया’त. या घराची मालकीण ती ‘ओकासान’, म्हणजे आई. पहिलं वर्षभर घरकाम, क्योतोची मऊ बोली आणि नाच. मग महिनाभर एखाद्या चहाघरात नुसतं बसून बघायचं. त्यानंतर ‘मिसेदाशी’, म्हणजे माइको म्हणून पहिलं पाऊल.

मिसेदाशीचा दिवस पंचांग बघून ठरतो. जपानी कॅलेंडरात सहा दिवसांचं एक चक्र फिरत असतं. त्यातला ‘ताइआन’ सर्वांत शुभ. लग्नाचे हॉलही त्याच दिवशी भरलेले असतात. घराच्या दर्शनी भिंतीवर हितचिंतकांनी पाठवलेली मोठाली रंगीत चित्रं लागतात: करकोचा, कासव, खजिन्याची नाव, धान्याच्या पोत्यांवर उभा दाइकोकू. मुलीच्या मानेमागे पांढऱ्या रंगात एरवी दोन टोकं मोकळी सोडतात, त्या दिवशी तीन. पहिलं वर्षभर लाली फक्त खालच्या ओठाला. पायात दहा-बारा सेंटिमीटर उंचीच्या लाकडी खडावा, आणि त्यांच्या पोकळीत घुंगरू. कमरेचा पट्टा पाच मीटरच्या वर लांब, पाठीवरून पार घोट्यापर्यंत लोंबणारा, खालच्या टोकाला घराची मुद्रा. लहान मुली माइको होत असत तेव्हा एखादी वाट चुकली, तर त्या मुद्रेवरून तिला घरी पोचवता यावं म्हणून ती, असं सांगतात.

पण दिवसाचं खरं काम होतं ते घरात, तिऱ्हाइतांच्या नजरेआड. तीन पेल्यांतून प्रत्येकी तीन घोट साके. लग्नात नवरा-नवरी हाच विधी करतात. इथे तो होतो धाकटी आणि तिची ताई यांच्यात. आपल्याकडे गंडा बांधल्यावर शागीर्द त्या घराण्याचा होतो, तसाच हा प्रकार, पण इथे ताईलाही बांधून घ्यावं लागतं. ताई आपल्या नावातलं एक अक्षर धाकटीला देते. म्हणून गिओनमध्ये ‘मामे’ने सुरू होणारी नावं ओळीने सापडतात आणि पोंतोचोत ‘इचि’ने. नावावरून जाणकाराला ताईच काय, ताईची ताईही कळते.

ताई कोणती द्यायची, हे मुलगी ठरवत नाही. घरची आई आणि चहाघरांच्या मालकिणी विचार करून ठरवतात. पूर्वी दोघींची जन्मवर्षं बघायचे. बारा प्राण्यांच्या चक्रात उंदीर आणि घोडा समोरासमोर येतात, त्यांचं जमत नाही, असा हिशेब. नावाच्या अक्षरांत किती रेघा येतात हे मोजून शुभाशुभ सांगणारी विद्याही जपानभर आजही जोरात आहे. आता मात्र मला सांगितलं गेलं ते असं, की ताईच्या गिऱ्हाइकांची यादी कशी आहे, तिची शिस्त कशी आहे आणि ती आणखी किती वर्षं या धंद्यात राहणार आहे, हे आधी बघतात. मला हा फरक मोठा वाटत नाही. प्राण्यांच्या चक्राआडूनही बहुधा हेच बघितलं जात असणार.

ताईचं काम नुसतं शिकवायचं नाही. नाच शिकवायला गुरू असतातच. गिओन कोबूमध्ये फक्त इनोउए घराण्याचा नाच चालतो आणि सध्या त्याच्या प्रमुख पाचव्या इनोउए याचियो. ताईचं काम दुसरं. ती धाकटीला मैफलींना सोबत नेते, गिऱ्हाइकांशी ओळख करून देते, कुणासमोर काय बोलायचं नाही ते पुढे बसून दाखवते. धाकटीने साके सांडली, निरोप विसरली, कुणाचा मान चुकवला, तर दुसऱ्या दिवशी सकाळी त्या चहाघरी माफी मागायला ताई जाते. धाकटी मागे उभी राहते आणि बघते. गिओनच्या जुन्या चहाघरांत ओळखीशिवाय गिऱ्हाइकालाही प्रवेश नाही. मुलीला तर नाहीच. तेव्हा ताई चांगली मिळाली की दारं आपोआप उघडतात. वाईट मिळाली, तर तोच नाच, तेच रूप, तरी बोलावणं येत नाही. याला गिओनमध्ये नशीब म्हणतात.

देवही इथे ओळखीतलेच निघतात. गिओन हे नावच मुळी श्रावस्तीच्या जेतवनाचं. अनाथपिंडिकाने बुद्धासाठी घेतलेल्या त्या उपवनाला जपानी बौद्धांनी ‘गिओन शोजा’ म्हटलं. यासाका देवळातला जुना देव गोझू तेन्नो, म्हणजे बैलाच्या शिराचा राजा, त्या जेतवनाचा राखणदार मानला जायचा. देऊळही गिओनचंच म्हणून ओळखलं जाई. १८६८ साली सरकारने शिंतो आणि बौद्ध वेगळे केले तेव्हा ‘यासाका’ हे नाव आलं. वस्तीने मात्र गिओन सोडलं नाही. शामिसेन वाजवणाऱ्या मुली जिच्यापुढे हात जोडतात ती बेंझाइतेन म्हणजे आपली सरस्वती. जपानात तिच्या हाती बिवा हे तंतुवाद्य आलं आणि कलेबरोबर पैशाचं खातंही तिच्याकडेच गेलं. चित्रातला पोत्यांवर उभा असलेला हसरा दाइकोकू म्हणजे मूळचा महाकाल. हे ऐकून मी थोडा दचकलो.

यासाकाच्या आवारात तीन देवींचं एक छोटं ठाणं आहे, उत्सुकुशी गोझेन. तिथल्या झऱ्याचं पाणी दोन-तीन थेंब चेहऱ्याला लावलं की रूप खुलतं म्हणतात. माइको लावतात, आणि त्यांच्यामागे रांगेत उभ्या असलेल्या कॉलेजच्या मुलीही. शिराकावाच्या ओढ्याकाठी तात्सुमी दाइम्योजिन हे त्याहून लहान ठाणं. कला अंगी यावी म्हणून माइको येतात ती इथे. आत देव कोण, तर तानुकी, कुत्र्यासारखा दिसणारा एक खोडकर रानप्राणी. पुलावरून जाणाऱ्यांना तो फसवून ओढ्यात उतरवायचा, म्हणून लोकांनी त्याचं देऊळच बांधलं आणि तो गप्प झाला, अशी कथा. त्रास देणाऱ्याला मान देऊन आपलंसं करायचं, ही युक्ती क्योतोला फार जुनी. गिओन उत्सवाची सुरुवातही ८६९ साली साथीच्या रोगामागच्या रुष्ट आत्म्यांना शांत करण्यासाठीच झाली.

माइकोच्या डोक्यावरही शकुन असतात. केसांत खोवायची रेशमी फुलं दर महिन्याला बदलतात: फेब्रुवारीत प्लमची, एप्रिलमध्ये चेरीची, मेमध्ये विस्टेरियाची, ऑक्टोबरमध्ये शेवंतीची. वर्षभरात जानेवारीचा ऐवज सगळ्यांत बोलका. भाताची खरी लोंबी आणि तिच्याजवळ एक पांढरं कबुतर. कबुतराला डोळे नसतात. एक डोळा माइको स्वतः काढते, दुसरा काढायला आपल्या आवडत्या माणसाला सांगते, म्हणजे दोघांची गाठ पडते म्हणे. कुणी कुणाला डोळा काढू दिला, यावर पुढे महिनाभर चर्चा होते. लोंबीतले दाणे ती गिऱ्हाइकांना देते. पाकिटात ठेवले की पैसा टिकतो. माइकोच्या नावाचं फुलांचं चित्र असलेलं चिकटपत्रही लोक त्याच भरवशावर पाकिटात जपतात. माझ्या घरमालकिणीच्या पाकिटात अशी दोन होती, एक इतकं जुनं की नाव पुसट झालेलं.

डिसेंबरच्या अखेरीला चहाघरं माइकोंना ‘फुकुदामा’ देतात. तांदळाच्या पापुद्र्याचा लालपांढरा पोकळ गोळा, आत काहीतरी शुभवस्तू. नवीन वर्ष लागेपर्यंत फोडायचा नाही. किती गोळे मिळाले यावरून मुलगी किती चहाघरांची लाडकी ते कळतं, म्हणजे भविष्य आतल्या वस्तूत नसून गोळ्यांच्या संख्येत असतं. गेइशा बाहेर पडताना तिच्या पाठीवर गारगोटी आणि पोलादी पट्टी घासून ठिणग्या पाडायची रीत एका कादंबरीमुळे (तिच्याबद्दल पुढे) जगभर ठाऊक झाली. ती मुळात एदोकडची, म्हणजे तोक्योची. तिथल्या जुन्या कारागिरांत आणि कथाकथन करणाऱ्या राकुगो कलावंतांत ती अजून आढळते.

१ ऑगस्टची सकाळ मात्र मी डोळ्यांनी पाहिली. या दिवसाला ‘हास्साकू’ म्हणतात. पूर्वी शेतकरी या सुमारास नव्या भाताच्या लोंब्या उपकारकर्त्यांना नेऊन देत. त्यातून गिओनमध्ये राहिली ती गुरू आणि चहाघरांना मान द्यायची रीत. दहाच्या सुमारास ऊन भाजत होतं. हानामिकोजी रस्त्याच्या कडेला कॅमेरेवाले दोरीच्या मागे उभे होते. गल्लीतून त्या आल्या, पाचसहा जणी, सगळ्या काळ्या, विरविरीत रेशमी किमोनोत, पाठीवर लहान पांढऱ्या मुद्रा. चालायचा क्रम ठरलेला, वयाचा नव्हे, या व्यवसायात येण्याचा. चहाघराचं सरकतं दार उघडलं की सर्वांत वरिष्ठ आत वाकायची, मग पुढची, आणि शेवटची उंबऱ्याबाहेरच. आतून आवाज यायचा, ‘ओमेदेतोसान दोसु’. शुभेच्छांचे हे शब्द सगळ्या जणी एका सुरात परत करायच्या.

सर्वांत धाकटी सोळा-सतराची असेल. तिच्या खडावांतली घुंगरं प्रत्येक पावलाला वाजत होती, बाकीच्यांची वाजत नव्हती, कारण वरच्या पायरीला गेल्यावर घुंगरू काढून टाकतात. दुसऱ्या दारातून बाहेर पडताना तिची कॉलर मानेमागे किंचित सरकली होती. पुढच्या गेइकोने मागे वळूनही न बघता, चालता चालता, हात मागे नेऊन दोन बोटांनी ती जागेवर आणली. कशी कळली कोण जाणे. धाकटीने पुटपुटल्यासारखं ‘ओओकिनि’ म्हटलं, क्योतोचं धन्यवाद. शिन्मोन्झेनच्या रस्त्यावर गुरूंच्या घराशी त्या पोचेपर्यंत मी लांबून मागे गेलो. आत काय होतं ते दिसत नाही. १३ डिसेंबरला मोचीचे पेढेवजा मोठे गोळे घेऊन त्या पुन्हा याच दारात येतात आणि प्रत्येकीला गुरूंच्या हातून नवा पंखा मिळतो. नव्या वर्षाची तयारी तिथून सुरू होते.

आता पैशाचं. मैफलीचा वेळ पूर्वी उदबत्तीवर मोजत. एक उदबत्ती जळून संपली की एक दर. माइकोला पगार नसतो. राहणं, जेवण, शिक्षण, लाखोंच्या किमतीचे किमोनो हा सगळा खर्च ओकियाचा, आणि तो फिटावा म्हणून पाच-सहा वर्षं तिची कमाई ओकियाची. हातात येतो तो खिशाला खर्च. केस स्वतःचे, आठवड्यातून एकदा धुवायचे, रात्री उंच उशीवर मान टेकून झोपायचं. डोक्याच्या मधोमध केस ओढून ओढून टक्कल पडतं, ते पुष्कळदा आयुष्यभर राहतं. ७ जानेवारीला गिओन कोबूच्या वर्षारंभाच्या समारंभात आदल्या वर्षी कुणाला जास्त बोलावणी आली त्यांना बक्षिसं देतात. जपानी समजुतीप्रमाणे बाईला १९, ३३ आणि ३७ ही वर्षं घातक, तीही जन्माचं वर्ष धरून मोजलेली. म्हणजे पहिलं घातवर्ष माइकोपण ऐन भरात असताना येतं. त्यासाठी देवळात पूजा घालतात, पण घात नेहमी ग्रहांकडूनच होतो असं नाही. २०२२ साली एका माजी माइकोने सोळाव्या वर्षी आपल्याला दारू पाजली जात होती, गिऱ्हाइकांबरोबर अंघोळीला जायला सांगितलं जात होतं, असं समाजमाध्यमावर जाहीरपणे लिहिलं. जपानात दारूला वयाची मर्यादा २० आहे. देशभर गदारोळ झाला. ताईच्या, आईच्या शब्दाबाहेर जायचं नाही ही शिस्त ज्या मुलीला घडवते, तीच शिस्त तिला तक्रार करू देत नाही. या नात्याचं कौतुक करताना हे विसरणं मला अप्रामाणिकपणाचं वाटतं.

बाहेरच्या जगाने या मुलींबद्दल जे वाचलं ते बरंचसं आर्थर गोल्डन यांच्या १९९७ च्या कादंबरीतून. तिच्यात पंचांगाशिवाय पान हलत नाही आणि नायिकेचं नशीब शेवटी एका पुरुषाच्या कृपेवर येऊन ठेपतं. त्यांना माहिती देणाऱ्या गिओनच्या माजी गेइको मिनेको इवासाकी यांनी २००१ साली लेखकावर खटला भरला. २००३ मध्ये तो न्यायालयाबाहेर मिटला. त्यांनी स्वतः लिहिलेल्या आठवणींत पुरुषांपेक्षा आया, ताया आणि गुरू यांचीच गर्दी आहे. माझ्या मते गिओन तिथे जास्त सापडतं.

पाच-एक वर्षांनी माइकोपण संपतं. शेवटचे दोनेक आठवडे ‘साक्को’ नावाचा अंबाडा, दातांना काळं, आणि मग लाल कॉलर जाऊन पांढरी येते. ती झाली गेइको. पुष्कळ जणी मात्र याच टप्प्यावर निरोप घेतात. निरोप घेताना आया, ताया, गुरू आणि चहाघरांना वाफवलेल्या भाताचे डबे वाटायची जुनी रीत सांगतात. भात निव्वळ पांढरा असेल तर ती परत येणार नाही. त्यात थोडे लाल अझुकीचे दाणे मिसळलेले असतील तर दार किलकिलं आहे असं समजायचं.

तुम्हाला जायचं असेल तर एप्रिलमध्ये जा. गिओन कोबूच्या माइको आणि गेइको ‘मियाको ओदोरी’ महिनाभर सादर करतात. राजधानी तोक्योला गेल्यावर उतरती कळा लागलेल्या क्योतोला सावरण्यासाठी १८७२ साली हा नाच सुरू झाला, आणि त्याचं तिकीट कुणालाही मिळतं. फेब्रुवारीत असाल तर २५ तारखेला कितानो तेनमांगू देवळात प्लम फुललेले असतात आणि कामिशिचिकेनच्या मुली उघड्यावर चहा देतात. त्याचंही तिकीट असतं, लवकर गेलेलं बरं. गिओनला केइहान रेल्वेचं गिओन-शिजो स्टेशन सगळ्यांत जवळ. रस्त्यात एखादी माइको दिसली तर बाजूला व्हा, वाट अडवून फोटो मागू नका. तिला कुठेतरी वेळेवर पोचायचं असतं आणि उशीर झाला तर माफी मागायला दुसरीला जावं लागतं. हानामिकोजीलगतच्या काही खासगी गल्ल्या २०२४ पासून पर्यटकांना बंद आहेत. आत शिरलात तर दहा हजार येन दंड, आणि तसा फलक इंग्रजीतही लावलेला आहे.